पाच मिनिटांचं मनन आणि इसालेचं पान

१ डिसेंबर, रविवार

पाळकबाईंनी आज शेवटी गाठलंच! चर्चच्या पायरीवर हात धरून म्हणाल्या, "ह्या आगमनकाळात तुमच्या आळीची पहाटेची प्रार्थना तुमच्याच घरी. वाचन झालं की मनन तुम्ही सांगायचं. पाच मिनिटं. सहावं नाही!"

"बाई, मी जन्मभर चौथीची पोरं शिकवली. मोठ्यांपुढे काय बोलणार?"

"मोठी माणसं म्हणजे चौथीत नापास झालेली पोरंच," म्हणाल्या, आणि छत्री उघडून निघून गेल्या.

उद्याचं वाचन गाढवाचं. प्रभूने दोघा शिष्यांना पाठवलं — समोरच्या गावात गाढव बांधलेलं असेल, सोडून आणा. कोणी हटकलं तर सांगा, प्रभूला गरज आहे. मी मघापासून विचार करतेय तो गाढवाच्या मालकाचा. त्याने दिलं, ठीक. पण घरी गेल्यावर बायकोला काय सांगितलं असेल? बायकांना काय वाटलं ते शास्त्रात फारसं लिहिलेलं नाही.

आणि माझ्याच घरात ही तऱ्हा! आमची लेक फुराहा म्वान्झाहून आली त्याला दीड महिना झाला. आता सातवा महिना लागलाय. लग्न नाही. जो होता तो दुसरीशी लग्न करून मोकळा झाला. आल्या संध्याकाळीच तिने आम्हां दोघांना समोर बसवून हे सरळ सांगितलं. रडली नाही. ह्यांनी ऐकून घेतलं, चहाचा पेला खाली ठेवला आणि गोठ्यात गेले. त्या दिवसापासून तिच्याशी एक शब्द नाही. जेवणसुद्धा गोठ्याच्या ओट्यावर. गाय बिचारी संकोचून जात असेल.

काल नाताळच्या बोकडाचा विषय निघाला. दरवर्षी हेच कापतात, हेच वाटे करतात, आणि एकेका लेकराला नावाने हाक मारून त्याचा वाटा हातात देतात. हाक नाही तो घरचा नाही, असं तोंडाने कोणी म्हणत नाही, पण सगळ्यांना कळतं. हे मला म्हणाले, "ह्या खेपेला तीनच वाटे." लेकरं चार आहेत आम्हांला.

फुराहा चुलीपाशी होती. तिने ऐकलं.

२ डिसेंबर

पाच मिनिटांची पंधरा झाली. वन्संनी घोरून निषेध नोंदवला.

४ डिसेंबर

आज जखऱ्या. म्हातारपणी मूल होणार म्हणून देवदूत सांगायला आला, ह्याने विश्वास ठेवला नाही, म्हणून वाचा बंद. मी म्हटलं, ही शिक्षा होती की सुट्टी? अलीशिबेला इतके महिने शांतपणे आपल्या पोटाचा विचार करायला मिळाला. नवरा बोलत असता तर एव्हाना नाव, शाळा, नोकरी सगळं ठरवून मोकळा झाला असता.

बायका हसल्या. मलाही बरं वाटलं. पण वन्सं कसल्या गप्प बसतात! ह्यांच्या थोरल्या बहिणीच त्या, पलीकडच्याच केळीच्या बागेत राहतात, आणि भावाला अजून शेंबडं पोर समजतात. मोठ्याने म्हणाल्या, "आमचा जखऱ्या कुठाय? गोठ्यात?"

गोठ्याची भिंत फळ्यांची. पलीकडे बादली जोरात आपटल्याचा आवाज आला.

फुराहा प्रार्थनेला बसत नाही. आत चहा करते, पेले बाहेर आणून ठेवते, परत आत जाते. लोक पोटाकडे बघायचं नाही म्हणून छताकडे बघतात. आमच्या छताकडे एवढं कोणी कधी बघितलं नव्हतं.

७ डिसेंबर

दिवसभर धुकं आणि पाऊस. डोंगराचं किबो शिखर चार दिवसांत दिसलं नाही. हे बागेच्या टोकाला नाताळची गाणी वाजवत होते. चर्चच्या बँडमध्ये तीस वर्षं ट्रॉम्बोन ह्यांचाच. एका ठिकाणी नेहमी चुकतात. स्वयंपाकघरातून फुराहाने ती ओळ गुणगुणून बरोबर करून दाखवली. पलीकडे वाजणं थांबलं. थोड्या वेळाने परत सुरू झालं — आणि त्या जागी बरोबर वाजवलं!

मी वेड्यासारखी दार उघडून उभी राहिले. पण हे आले ते सरळ गोठ्यात.

८ डिसेंबर, रविवार

फुराहा चर्चला आली. शेवटच्या बाकावर बसली. जी लग्नाआधी अशी झाली तिला प्रभुभोजन नाही — तिने एक दिवस सगळ्यांपुढे उभं राहून कळपात परत यायचं, मग मिळतं. बाळ झालं की उभी राहीन, असं तिने पाळकबाईंना आल्या आल्याच सांगितलंय. पाळकबाईही म्हणाल्या, घाई नाही. म्हणजे देवाच्या घरी तिचा मार्ग मोकळा आहे. अडलंय ते बापाच्या घरी.

बाहेर दानात आलेल्या जिनसांचा लिलाव झाला. वन्संनी एका कोंबडीसाठी इतकी बोली चढवली की शेवटी कळलं, समोर बोलणारा त्यांचाच नातू होता. दोघांनी एकमेकांना बघितलंच नव्हतं! वचन होतं — माना वर करा, तुमची सुटका जवळ आली आहे. कोंबडीची काही झाली नाही.

९ डिसेंबर

शेंगा सोलताना फुराहा म्हणाली, "आई, सव्वीसची म्वान्झाची गाडी सांगून ठेवलीय."

"कशाला? बाळंतपणाला घर सोडून जातात का?"

"पंचवीसला बाबांनी हाक मारली तर नाही जाणार. नाही मारली तर जाईन. आणि मग येणार नाही, आई. माझं मूल आजोळच्या अंगणात वाटा न मिळालेलं म्हणून वाढायला नको."

स्वर अगदी साधा. मीठ संपलंय म्हणावं तसा. मला आरडाओरडा परवडला असता. हिने ठरवलं की झालं, बापावर गेलीय ती. आपलेच दात आणि आपलेच ओठ! मी कोणाची बाजू घ्यायची?

११ डिसेंबर

वन्संना सगळं सांगितलं. डोक्यावरचा केळीचा घड खाली ठेवला आणि म्हणाल्या, "त्यात काय मोठं? इसाले पाठव म्हणावं. कुंपणाला एवढं वाढलंय ते काय गुरांसाठी? इसालेचं पान घेऊन कोणी माफी मागायला आलं तर नाही म्हणता येत नाही. बाप असो नाहीतर जुना सरदार असो. माझ्या आजोबांनी भावाचा खून केलेल्याचं पान घेतलं होतं. हा तर लेकीवर रुसलाय नुसता!"

"पण तिने पाठवायला हवं ना."

"मग तिला सांग. मी नेऊन देते. पान तिसऱ्यानेच न्यायचं असतं." जाता जाता म्हणाल्या, "आणि नाताळला थोडी केळ्यांची दारू लागेल हो."

"वन्सं! चर्चच्या वडिलांच्या घरात? हे मंडळीचे पंच ना!"

"मग आंबलेली पेज म्हण."

संध्याकाळी फुराहाला विचारलं. म्हणाली, "नाही पाठवणार. देवाची माफी मागितली, ती त्याच्या-माझ्यात. बाबांचं मी काय घेतलंय? तोंड फिरवलं ते त्यांनी."

खोटं नाही ते. पण खरं बोलून घर जुळतं का?

१३ डिसेंबर, शुक्रवार

कुठून दुर्बुद्धी सुचली देव जाणे.

दुपारी मी स्वतःच कुंपणावरचं पान कापलं. कोवळं, लांब, एकही डाग नसलेलं. वन्संच्या हातात दिलं आणि सांगितलं, फुराहा तयार झाली. वन्सं इतक्या आनंदल्या की चांगलं लुगडं नेसून आल्या. पान घेऊन गोठ्यात गेल्या.

ह्यांनी दोन्ही हातांनी घेतलं. कपाळाला लावलं. फळीच्या भिंतीआडून मी बघत होते. डोळे पुसले बाहीने! मग गोठ्याच्या दारावर ते खोचलं आणि इतक्या दिवसांनी घरात आले. आपल्या जुन्या स्टुलावर चुलीपाशी बसले. ताट उचललं आणि काही न बोलता फुराहापुढे धरलं — वाढ म्हणून.

फुराहा भांबावली. वाढू लागली. "आज काय झालं?" असं मला हळूच विचारलं. मी चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

आणि वन्सं कौतुकाने म्हणाल्या, "अगं, तूच नाही का पान पाठवलंस? शहाणी माझी बाय!"

"मी? मी नाही पाठवलं, आत्या."

ह्यांनी ताट खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात असं कधी बघितलं नव्हतं. उठून गेले. दारावरचं पान काढून घेतलं.

१४ डिसेंबर

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आता हे माझ्याशीही बोलत नाहीत. फुराहा बोलते, पण "मीठ कुठाय" एवढंच. वन्संनी तर अंगणातच तोंड सोडलं — "माझ्या हातून खोटं इसाले! आमच्या सात पिढ्यांत कोणी केलं नाही! मास्तरीण ना तू? पोरांना हेच शिकवलंस?"

मी अंगण झाडत राहिले.

१५ डिसेंबर, रविवार

पहाटे योहानाचं वाचन होतं. तुरुंगात बसून त्याने शिष्यांकडून विचारायला पाठवलं — येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहू? मी म्हटलं, योहान खचला होता, तरी त्याने पाठवला तो खरा प्रश्न पाठवला. दुसऱ्याच्या तोंडी आपलं म्हणणं नाही घातलं. मग पुढचं आठवेना. तशीच बसले.

पाळकबाई आज मुद्दाम आल्या होत्या. निघताना म्हणाल्या, "आज पाचाच्या आत झालं. चांगलं झालं." त्यांना काय ठाऊक! की ठाऊक होतं?

१६ डिसेंबर

रात्र तळमळून काढली. सकाळी तीन पानं कापली.

पहिलं वन्संना. तिसऱ्या माणसाला काय तोंडाने मध्ये घालणार, स्वतःच गेले. दारात बराच वेळ उभं ठेवलं मला. शेवटी घेतलं. "घेते. घ्यावंच लागतं म्हणून घेते. मनापासून उद्या घेईन."

दुसरं ह्यांना. गायीसाठी केळीचा खांब चिरत होते. पान बघितलं, कोयता ठेवला, हात पुसून घेतलं. "बरं," म्हणाले. तेवढं एकच. पण म्हणाले.

तिसरं लेकीला. तोवर वन्सं मागोमाग आल्याच होत्या. मला अडवायला लागल्या — "आईने लेकीला इसाले? असं नसतं गं! लहानाने मोठ्याला द्यायचं. मोठीच खाली वाकायला लागली तर पानाला किंमत काय राहिली?" मी म्हटलं, "वन्सं, चूक माझी, तर पान तिच्याकडून कसं येईल?"

फुराहाने दोन्ही हातांनी घेतलं. वाटलं होतं हसेल. हसली नाही. "घेतलं आई," म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. घरी आल्यापासून पहिल्यांदा रडली माझी पोर. मीही रडले. कोणी कोणाला थांबवलं नाही.

मान वर केली तर हे दारात. हातात चिरलेली केळ. किती वेळ उभे होते कोण जाणे. तसेच परत गेले.

१८ डिसेंबर

शब्द देही झाला, ह्यावर आजचं मनन. सांगितलं ते थोडक्यात असं — थोरल्याने धाकट्याच्या दारी जायचं नसतं, अशी आपली रीत. देवाला ही रीत माहीत नव्हती की काय? तोच निघाला, तोच खाली आला, आणि आला तो गोठ्यात.

वन्सं जाग्या होत्या. म्हणाल्या, "हे माझ्यासाठी बोललीस." मी म्हटलं, नाही. पण थोडंसं होतं.

१९ डिसेंबर

आज फुराहा चहा ठेवून आत गेली नाही. बसली.

वाचन मत्तयाचं. मरीया गरोदर आहे हे कळल्यावर योसेफाने तिची बेअब्रू न करता तिला गुपचूप सोडायचं ठरवलं. मी योसेफाची बाजू मांडत होते — भला माणूस, दुसऱ्याने गाव गोळा केलं असतं. तर फुराहा म्हणाली, "भला होता, कबूल. पण गुपचूप सोडलं तरी सोडलंच ना? गावासमोर सोडा नाहीतर गुपचूप, मरीयेच्या वाट्याला एकटेपण तेवढंच आलं असतं. देवदूताने त्याला काय सांगितलं? तिला घरी घेऊन ये. आणि तेही काही चोरून नाही."

ह्या खेपेला छताकडे कोणी बघितलं नाही. वन्सं म्हणाल्या, "हिला द्यायला हवं होतं पाच मिनिटांचं काम."

पलीकडे गोठ्यात एवढीही चाहूल नव्हती.

२२ डिसेंबर, रविवार

हे दुपारी कोट घालून पाळकबाईंकडे गेले. बँडचं काम असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. पण परत आले ते कोट न काढताच गोठ्यात गेले.

संध्याकाळी पाळकबाई वाटेत भेटल्या. विचारलं. म्हणाल्या, "नाताळच्या उपासनेत कळपात परत येणाऱ्यांचं नाव वाचायचं असतं ना. एक नाव आहे."

"कोणाचं?"

"ते आधी सांगायचं नसतं, तुम्हांला माहीत आहे."

हे स्वतः चर्चचे वडील आहेत, नाव द्यायचा अधिकार आहे ह्यांना. पोटच्या पोरीला, सातव्या-आठव्या महिन्यात, नाताळच्या भरल्या चर्चमध्ये उभं करणार? सगळी शहराहून आलेली माणसं बघत असताना? तिने बाळ झाल्यावर येते म्हटलंय ना! गुपचूप सोडणारा योसेफ परवडला असता.

आज मरीयेचं गाणं होतं. गर्विष्ठांना खाली ओढलं, दीनांना उचललं. मला गाता आलं नाही.

२३ डिसेंबर

मुलगे आले, सुना आल्या, नातवंडांनी घर डोक्यावर घेतलं. बस मोशीच्या अलीकडे अर्धा दिवस अडकली होती म्हणे. बोकड अंगणात बांधलाय, पोरांनी त्याचं नावही ठेवलं. आता कापताना रडारड होणार!

थोरल्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "बाबा आणि फुराहा अजून तसेच?" मी मान हलवली. "मी बोलू का?" नको म्हटलं. बापाला मुलाने शिकवलेलं आणखी वाईट.

२४ डिसेंबर

दिवसभर चपात्या लाटल्या आणि पिलावाचे तांदूळ निवडले. सुना गप्पा मारत होत्या. माझं चित्त नव्हतं.

शेवटी फुराहाला कोठीत नेऊन सांगितलं. उद्या तुझं नाव वाचतील असं वाटतं. चर्चला येऊ नकोस. कंबर धरलीय म्हणून सांगते मी.

तिने ऐकून घेतलं. पिशवी तिची भरलेलीच होती, कोपऱ्यात. "वाचू दे आई. मी काही लपवलेलं नाही, तर लपून कशाला बसू? उठेन मी. पण मग वाटा दिला तरी घेणार नाही. तशीच गाडीत बसेन."

मी ह्यांच्याकडे गेले गोठ्यात. म्हटलं, "हात जोडते. उद्या तेवढं करू नका."

"काय?"

"नाव."

हे बराच वेळ गायीच्या पाठीवर हात फिरवत राहिले. म्हणाले, "द्यायचं होतं, दिलं. आता मागे घेत नाही."

देवा, उद्याचा दिवस तूच बघ. माझ्याकडे मनन नाही, काही नाही.

२५ डिसेंबर, नाताळ

एकच नाव वाचलं. ह्यांचं.

सगळं चर्च मागे वळून फुराहाकडे बघत होतं, आणि हे बँडमधून उठले. ट्रॉम्बोन खुर्चीवर ठेवला. पाळकबाई म्हणाल्या, घरात समेट नाही म्हणून चर्चचे हे वडील दोन महिने आपणहून प्रभुभोजनापासून दूर राहिले आहेत, आज परत येऊ मागतात. माझ्या लक्षातच आलं नव्हतं! मला वाटे, वाजवण्यात राहून जातं.

कोटाच्या आतून इसालेचं पान काढलं. वेदीकडे गेले नाहीत. उलटे वळले आणि साऱ्या मंडळीमधून चालत शेवटच्या बाकापाशी आले. वन्संची नखं माझ्या मनगटात रुतली होती.

फुराहा उठायला गेली, पण तिला हल्ली पटकन उठवत नाही. हे तसेच उभे, दोन्ही हातांत पान धरून. तिने बसल्या बसल्याच घेतलं. दोन्ही हातांनी.

मग हे बोलले तिच्याशी. "सरक जराशी, पोरी. मला बसू दे."